तिकोना पेठेतला बिनव्याजी फ्रीझर

आधी माफी मागते. माझे शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही गिचमिड आहे. हे कुणाला दाखवीन असे नाही, पण निवृत्त झाल्यापासून ठाण्यातली एक केस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते. नावे कुणाचीच लिहिणार नाही.

मी अधिकारी नव्हते. मावळातल्या एका पोलीस ठाण्यात साफसफाई आणि चहापाणी बघायचे. महिला पोलीस लोणावळ्याला बंदोबस्तात गेल्या की तक्रारदार बाईजवळ बसायला फौजदार मॅडम मलाच बोलवायच्या. त्यामुळे ऐकले खूप. बोलले कमी.

ती सकाळ अजून डोळ्यासमोर आहे. हजेरी नुकतीच झाली होती. तिकोना पेठेतली एक बाई दाराबाहेर चप्पल काढून उभी राहिली. तिकोना गडावर येणाऱ्यांसाठी तिचा पिठलं-भाकरीचा स्टॉल होता.

"चप्पल घालून या हो, हे काय देऊळ आहे?" हवालदार म्हणाले.

"भाऊ, आमाला आत टाका, पण शनवारी गिऱ्हाइकांदेखत चोर नका म्हणू देऊ."

तिला बाकड्यावर बसवले, पाणी दिले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. मोबाईलवर जाहिरात पाहून तिने एका ऑनलाइन दुकानातून फ्रीझर घेतला. चोवीस हजारांचा. दोन हजारांचे बारा हप्ते, बिनव्याजी, वर एक पैसा नाही, असे जाहिरातीत होते. पण खात्यातून दर महिन्याला जास्तच कापले जाऊ लागले. सेवा शुल्क, विमा, असले काहीतरी. विचारले की एकच उत्तर, तुम्ही अटी मान्य केल्यात. काही महिने तिने मुकाट सोसले, मग हप्ता थांबवला. तेव्हापासून वसुलीवाल्याचे फोन. शनिवारी टेम्पो आणून, गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणून फ्रीझर उचलणार म्हणाला. फ्रीझर गेला की ताक, थंड पाणी, कुल्फी गेली. शनिवार-रविवारच्या त्या विक्रीवरच तिचे घर चालायचे.

"हप्त्याचा वाद ग्राहक आयोगात जाईल," मॅडम म्हणाल्या. "पण दमदाटी करून वस्तू उचलायची, ते आमचं काम. येऊ दे त्याला."

शनिवारी दोन पोलीस साध्या कपड्यात स्टॉलवर जाऊन बसले. "तीन वेळा पिठलं खाल्लं मावशी, मग कुठं टेम्पो आला," हवालदार मला नंतर वैतागून सांगत होते.

वसुलीवाल्याला ठाण्यात आणले, मागोमाग बाईही आली. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट. "मॅडम, मी हुकमाचा माणूस. कंपनी सांगते, मी जातो." त्याच्याकडून कंपनीचा नंबर घेऊन मॅडमनी तिच्या पुण्याच्या साहेबाला बोलावले. तो लॅपटॉप घेऊन आला आणि जाहिरात उघडून दाखवली. बटणाच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात ओळ होती, शुल्क लागू.

"मोठ्या अक्षरात बिनव्याजी आणि बारीक अक्षरात त्याच्या उलट, हे नियमात बसत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि कर्ज देण्याआधी एकूण किती भरावे लागेल तो कागद द्यायचा असतो. तो कुठाय?"

"अ‍ॅपमध्ये होता. आणि ही ओळ पहिल्यापासून आहे. त्यांनी वाचली नाही, त्याला आम्ही काय करणार?"

बाईने मान खाली घातली. "माझंच चुकलं असंल."

मॅडमनी तिला शांतपणे विचारले, "जाहिरात तुम्ही स्वतः वाचली होती?"

"न्हाई ओ. शेजारच्या स्टॉलवालीनं वाचली. ग्रुपवर."

पेठेतल्या या बायकांचे हात दिवसभर पिठाचे. त्या एकमेकींना लिहीत नाहीत, मोबाईलवर बोलून तो आवाजच पाठवतात. मॅडम ताठ बसल्या. "पुसलंय का ते?"

"कशाला पुसू?"

तिने शोधून लावले. आधी भाकरी थापल्याचा आवाज, मग शेजारणीचा. तिने जाहिरात वरपासून खालपर्यंत वाचली होती, किंमत, हप्ते, सगळे. शेवटी म्हणाली, "वर एक पैसा न्हाई. मग तांबडं बटन हाय, आत्ताच घ्या. बटनाखाली कायबी न्हाई, पांढरंच हाय. घ्यायचा तर घे बाई, माझं पिठलं उतू चाललंय."

हवालदारांना हसू आवरेना. तारीख खरेदीच्या आदल्या दिवशीची होती, म्हणजे ती ओळ मागाहून घातलेली. पुण्याच्या साहेबांनी पाणी मागितले. मी दिले.

शेजारणीचा जबाब झाला, वसुलीवाल्यावर गुन्हा नोंदला. मॅडमनी सांगितल्यावर बाईने आयोगातही तक्रार टाकली. पैसे काही लगेच आले नाहीत. कंपनीचे आपले आज देतो, उद्या देतो. बाई पेठेतून यायची, बाकड्यावर बसायची, जायची. या खेपांतच माझी निवृत्ती झाली.

इतकी वर्षे त्या बाकड्याजवळ बसून मी एकच शिकले. फसलेले माणूस मान खाली घालून बसते आणि फसवणारा टेबलावर कोपर टेकून. ही बाई निदान आली. बाकीच्या घरातच स्वतःला दोष देत बसत असतील. परवा माझ्या मोबाईलवर तसलीच एक जाहिरात आली. खालपर्यंत वाचत बसले. डोळे दुखले, थकवा आला.

मी घरी बसल्यावर काही महिन्यांनी माझ्या मोबाईलवर तिचा आवाज आला. मागे भाकरीची थापथाप होतीच. शेजारीण बँकेचा मेसेज मोठ्याने वाचत होती आणि ही मध्येच ओरडली, "मावशी, जादा कापल्यालं समदं आलं. एक रुपयाबी यायचा राहिला न्हाई."