डाव्या कोपऱ्याची कंबर

आमच्या बौद्धवाडीत जयंतीला भाषणं होतात, मिरवणूक निघते, आणि आदल्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर लेकी विरुद्ध सुना अशी कबड्डी होते. लेकी म्हणजे वाडीत जन्मून लग्नानंतर बाहेर गेलेल्या. सुना म्हणजे आम्ही, बाहेरून आणलेल्या. भाषणांना खुर्च्या रिकाम्या असतात, कबड्डीला उभं राहायला जागा मिळत नाही. लग्न झाल्यापासून सुनांचा डावा कोपरा मी सांभाळते आणि समोरून चढाईला येते ती माझी सख्खी नणंद. तिला दिघीला दिलीय. वर्षभर ती फोनवर "वहिनी, तब्येत सांभाळ" म्हणते आणि जयंतीला माझी तब्येत बिघडवायला फेरीबोटीने खाडी ओलांडून येते. मी तिच्या घोट्यावर झडप घालते. आमचं प्रेम हे असं आहे.

या वर्षी फेब्रुवारीत सराव करताना माझी कंबर गेली. कोणी धक्का दिला नाही, कोणी पाडलं नाही. वाकले आणि तशीच राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्याला धरून शिकवलं.

पंचेचाळिशीतल्या बाईची कंबर दुखली की सल्ला द्यायला कुणालाही पदवी लागत नाही. शेजारणीने तेल सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी योगासनं सांगितली, स्वतः खुर्चीतून न उठता. आमचे नेहमीचे डॉक्टर "कबड्डी? या वयात?" म्हणून इतके हसले की तपासायचंच विसरले. आणि नवरा म्हणाला, "अगो, बस झाला आता. वय काय आपला." आपला म्हणजे माझं. तो स्वतः चाळीशीपारच्या क्रिकेटमध्ये पहिल्या चेंडूला बाद होतो आणि आठवडाभर पाय चेपून घेतो, पण ते वय वेगळं. पुरुषांचं.

मला दुखणं थांबवून घरी बसायचं नव्हतं. मला जयंतीला मैदानात उतरायचं होतं. एवढं एकच मागणं होतं आणि नेमकं तेच कोणी ऐकत नव्हतं.

मग शाळेतल्या एका मॅडमनी कायरोप्रॅक्टरचं नाव काढलं. म्हणजे हाताने मणके जागेवर बसवणारा. खेळाडू जातात म्हणे. मी मोबाइलवर एकदाच शोधलं, तर मोबाइल माझ्या मागेच लागला. स्वयंपाक करताना, जेवताना, उठताबसता, व्हिडिओत कोणाची ना कोणाची मान कडाकड वाजतेय. त्यातला सगळ्यात जास्त वाजवणारा अलिबागला निघाला. पाटीवर 'स्पोर्ट्स' लिहिलेलं, शेजारी पळणाऱ्या माणसाचं चित्र.

गेले. त्याने मला झोपवलं आणि काय दुखतंय हे विचारायच्या आधी माझ्या गळ्यापाशी छोटा माइक लावला.

"मान सैल सोडा, मॅडम."

"कंबर दुखतेय माझी."

"कंबरही करू. पण आधी मान घेऊ, लोकांना मान आवडते."

माझी मान लोकांना आवडावी अशी माझी काही इच्छा नव्हती. मी उठले, माइक त्याच्या हातात दिला आणि चालू पडले. नवरा म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो." हे वाक्य त्याला कुठल्याही प्रसंगी चालतं.

पण मीही हट्टी. तिथेच एक गोष्ट मनाशी पक्की केली, की जो माझं वय विचारायच्या आधी माझा खेळ विचारेल त्याच्याच हातात कंबर द्यायची. मुंबईतल्या कायरोप्रॅक्टरांच्या दवाखान्यांना फोन लावायला सुरुवात केली. एका ठिकाणची पोरगी म्हणाली, "मॅम, जिम, रनिंग की पिकलबॉल?" मी म्हटलं, कबड्डी. ती म्हणाली, "ओके मॅम, पिकलबॉल लिहिते." फोन ठेवला. दुसरीकडे फोन स्वतः डॉक्टरनेच उचलला आणि या म्हणाली.

मांडव्याहून बोटीने गेलो. एकटी कशी जाणार म्हणून नवरा बरोबर, आणि बोट लागते म्हणून तोच आडवा. त्याला धरून मी गेटवेला उतरवलं.

डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. म्हणाली, "काय खेळता?"

"कबड्डी." मी ती हसायची वाट बघितली.

"चढाई की पकड?"

"डावा कोपरा."

"म्हणजे पुढे वाकून सगळा भार डाव्या पायावर. घोटा धरता की मांडी?"

मला तिला जेवायला घरी बोलवावंसं वाटलं. इतक्या जणांनी कंबर पाहिली, कंबरेची मालकीण पहिल्यांदाच कोणीतरी पाहत होतं. मग तिने मला टाचांवर चालून दाखवायला सांगितलं. उजवा पंजा वर राहिला. डावा फतकन खाली आपटला. पुन्हा चालले, पुन्हा तसंच.

"या पायातली चप्पल सुटते का?"

सुटत होती. मी पट्ट्याची सँडल घेतली होती आणि माझ्या मते प्रश्न मिटला होता. कोपऱ्यात बसून लिंबू चघळणारा नवरा चघळायचा थांबला.

ती म्हणाली, "आज मी तुमच्या पाठीला हात लावणार नाही. नस दबलीय, पायाची ताकद जातेय. आजच्या आज मणक्याच्या सर्जनना दाखवा, मी फोन करून ठेवते."

"मला जयंतीला खेळायचंय."

"म्हणूनच सांगतेय. मी आत्ता हात फिरवला तर तुम्हाला चार दिवस बरंही वाटेल. पण पाय गेला तर पुढच्या जयंतीलाही नाही, त्याच्या पुढच्याही नाही."

मला भयंकर राग आला. अख्खा समुद्र ओलांडून यायचं, मला खेळाडू समजणारी एकमेव बाई शोधून काढायची, आणि तिनेच मला मैदानाबाहेर बसवायचं. खरं तर मी घाबरले होते. नवरा जिन्यात माझा दंड धरून उतरत होता आणि एकदाही "मी म्हणत होतो" म्हणाला नाही, त्याने तर जास्तच घाबरले.

सर्जनने ऑपरेशन सांगितलं. मी नणंदेला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मी पन न्हाय उतरत मग."

"उतर गपचूप," मी म्हटलं. "दोघी बसलो तर तुझ्या भावाचं खरं होईल."

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. पंजा हळूहळू उठायला लागलाय. पुरता उठेल का, हे कोणी सांगत नाही.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी मला रेषेबाहेर खुर्ची मांडून दिली होती, उशी लावून, पाहुणीसारखी. माझ्या जागी वाडीतली सगळ्यात नवी सून. बिचारी चढाई आली की डोळे मिटायची. नणंद आली ती थेट डाव्या कोपऱ्यावर, दरवर्षीसारखी. बोनस रेषेवर पाय टाकला आणि माझ्याकडे बघितलं. तेवढाच वेळ पुरे होता. मी ओरडले, "घोटा धर तिचा, घोटा." पोरीने डोळे मिटूनच झडप घातली. घोटा हातात आला, बाकीच्या सुना वर पडल्या.

सामना लेकींनीच जिंकला, ते जाऊ दे. पण त्या ढिगाऱ्याखालून, तोंडात माती, केस सुटलेले, नणंद माझ्याकडे बघून म्हणाली, "खुर्चीत बसून पन सोडत न्हाईस गं."

मी सगळ्यांदेखत रडले. नवऱ्याने विचारलं, कंबर दुखतेय का. मी म्हटलं, हो.