बिनमोटरीचं पाणी

मागच्या मंगळवारी सकाळी आमच्या चऱ्होलीच्या गल्लीत नळाला पाणी सुटलं... आणि एकाही घराची मोटर चालू झाली नाही. अशी शांतता मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. ही शांतता आमच्या सूनबाईंमुळे झाली, म्हणून लिहायला बसलो. शाळा सातवीपर्यंतच झाली आहे, चूकभूल सांभाळून घ्या.

त्याआधी आमच्या मंडळींना, म्हणजे माझ्या बायकोला, जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात ठेवावं लागलं. सलाईन लावून घरी आणली, तर चार दिवसांत परत तेच. डॉक्टर म्हणाले, पाण्यात जंतू आहेत, आता तिसऱ्यांदा झालं तर या वयात झेपणार नाही.

मी मुळातच काळजी करणारा माणूस. पाणी दोनदा उकळायचो, पेला नाकाला लावून बघायचो, उठून उठून तिचा श्वास बघायचो... पण ही कवळी धुवायची नळाखालीच, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. ते वैशालीने, आमच्या सुनेने, पकडलं.

तक्रार केली तेव्हा पालिकेची माणसं येऊन गल्लीच्या तोंडाशी पाणी तपासून गेली. तिथलं पाणी चांगलं निघालं. सगळे म्हणाले, तुमचीच टाकी घाण असेल. टाकी धुतली, तरी शेजारची दोन पोरं आजारी पडलीच.

वैशाली चाकणला कंपनीत पार्ट तपासायचं काम करते. खराब पार्ट आला की तो नुसता बाजूला टाकायचा नाही, मागे मागे जात बिघाड कुठून सुरू झाला ते शोधायचं, ही तिची रोजची सवय. तिने आरोग्य केंद्रातून पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या आणल्या. त्यात पाणी भरून ठेवायचं, घाण असेल तर एक-दोन दिवसांत काळं पडतं.

तिने नळ थोडा वाहू दिला आणि एक बाटली भरली. मग गल्लीतल्या मोटरी घूं घूं करायला लागल्या, तेव्हा त्याच नळाची दुसरी भरली. पहिली होती तशी राहिली... दुसरी शाईसारखी काळी.

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, तेही कमी दाबाने. म्हणून प्रत्येकाने नळालाच मोटर जोडलेली. वैशाली म्हणाली, "अण्णा, पाइप गटाराखालून येतो. तिथला जोड सैल असणार. सगळ्यांनी एकदम ओढलं की मोटर गटारातलंही ओढते."

आणि तिने आधी आपल्याच मोटरीची वायर काढली. मी ओरडलो, "अगं, टाकी भरायची कशी?" ती म्हणाली, "आईंचं काय करायचं ते आधी सांगा." मी ती वायर गुंडाळून खिळ्याला अडकवली.

मग ती घरोघर गेली. मी मागे मागे, भीतभीत. माझा चुलतभाऊ बबन तर अंगावरच आला. "बिनमोटरीचं पानी वर चढंल व्हय गं? कंपनीतली सायबीण कंपनीत, हितं न्हाई!"

"साहेबीण कुठली काका, मी पार्ट बघते," ती हसून म्हणाली. "पाण्याची एकच पाळी मोटर लावू नका. बाटली काळी पडली तर गल्लीत उभं करून शिव्या द्या."

"त्या तर मी आत्ताच देतोय की!" बबन म्हणाला. ती तरी हसतच पुढच्या घरी गेली.

मंगळवारी पाणी सुटलं. नळाला करंगळीएवढी धार. माझा जीव खालीवर... एकाने जरी मोटर लावली तरी सगळं फुकट, आणि खरं सांगतो, सगळ्यात आधी माझीच लावावीशी वाटत होती. तेवढ्यात बबन बाहेर आला आणि उंबऱ्यावर बसला. हातात मोटरीची पिन. म्हणाला, "काढूनच आणली. घरात ठिवली असती तर आमच्या बायकूनं लावली असती."

माणसं बादल्यांनी जिन्यावर पाणी चढवत होती. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, लातूरकडचे, कुरकुरत होते, पण कुणी बटण दाबलं नाही. वैशालीने त्या धारेची एक बाटली भरली, ती आम्ही दोन दिवस राखली. काळी पडली नाही.

वैशाली आधीची काळी आणि ही स्वच्छ, अशा दोन्ही बाटल्या घेऊन पालिकेत गेली. त्यांनी लगेच माणसं पाठवली. गटाराखाली खणलं तर जोडातलं रबर कुजून गेलेलं. त्यांनी जोड बदलला, लाइन धुतली, परत पाणी तपासलं. चांगल्या मनाने केलं, तेही सांगायला हवं.

आता ही उठून बसते. काल भाकरी खाल्ली आणि पिठल्यात मीठ कमी म्हणून माझ्यावर चिडली... मी ते चिडणं डोळे मिटून ऐकत बसलो. सून हुशार आहे याचा अभिमान आहेच. पण नळाला धार असताना सगळी गल्ली एका बाईच्या शब्दावर थांबली, बादल्या वाहिल्या, आणि माझं माणूस घरात राहिलं. गल्लीतल्या प्रत्येक घराला माझा हात जोडून नमस्कार.