विभासानची काडतुसं

विभाची ओळख करून देताना नागोयातली मराठी मंडळी जरा चाचरतात. बाई डोंगरात जाऊन हरणं मारते, हे सांगायचं तरी कसं!

विभाला त्याचं काही नाही. नवऱ्याच्या, हेमचंद्रच्या नोकरीपायी ती इथे आली, जपानी शिकली आणि भातशेती फस्त करणाऱ्या हरणांमागे जाणाऱ्या शिकाऱ्यांच्या टोळीत शिरली. वर्षानुवर्षं छऱ्यांची बंदूक वापरल्यावर यंदा तिला रायफलचा परवाना मिळाला. टोळीचे म्होरके मोरितासान मोजकंच बोलतात. येत्या रविवारी ओढ्याकाठची जागा विभाची, असं त्यांनी जाहीर केलं. हाकाऱ्यांनी उठवलेलं हरीण हमखास तिथूनच सुटतं. विभाला आभाळ ठेंगणं झालं.

काडतुसं ती घरीच भरते. आधी भरलेली सगळी नव्या रायफलचा नेम जुळवण्यात संपली होती आणि नेहमीच्या कंपनीच्या पितळी पुंगळ्या कुठेच मिळेनात. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या आणल्या.

"साइज सेम आहे ना? मग गनपावडर तेवढीच भर. विषय संपला," हेमचंद्र म्हणाला.

विभाने दोन्ही पुंगळ्या काट्यावर ठेवल्या. नवी चांगलीच जड निघाली.

"बाहेरून सेम रे. पण जड म्हणजे आतून जाड. जाड पातेल्यात आमटी कमी मावते ना? आत जागा कमी, त्यात पावडर तेवढीच, म्हणजे प्रेशर वाढणार, रायफलही फुटायची. कमी पावडरपासून सुरुवात करून नेमबाजीच्या रेंजवर हळूहळू वाढवत न्यायला हवं."

"रेंज तर रविवारनंतर मिळणार."

"मग गेला रविवार!" ती ठसक्यात म्हणाली.

रविवारी ती रायफल न घेताच गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पुंगळ्या बदलल्यात, अजून तपासल्या नाहीत. आज मी हाकाऱ्यांबरोबर जाते." ओढ्यावर छऱ्यांच्या बंदुकीचा पल्ला पुरत नाही आणि दुसऱ्याची रायफल उसनी घ्यायची इथे सोय नाही, कायदा कडक. मोरितासान नुसतेच "हाय", म्हणजे "बरं", म्हणाले.

विभा रानात शिरली ती अस्सल मराठीत आरडाओरडा करतच. एक दांडगा नर उठला आणि थेट ओढ्याकडे सुटला. तिने कान टवकारले. बार झालाच नाही.

जेवताना टोळीतले ओकुमुरासान फणफणले, "ओढ्यावर कोण होतं?"

"कोणीच नाही," मोरितासान ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या मुटक्याचा, कागद सोलत म्हणाले. "ती जागा विभासानची. त्यांची काडतुसं तयार होईपर्यंत रिकामीच राहील."

विभा सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने आणखी एक ओनिगिरी मागून घेतली.