वहिनीच्या व्हॅनचा नरम ब्रेक

वहिनीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. चारला बेकरीत हजर, पाचच्या आत व्हॅनमध्ये ब्रेडचे ट्रे रचलेले, सातपर्यंत सगळ्या दुकानांत माल पोचलेला. सुट्टी फक्त रविवारी. पण त्या रविवारीही ती साडेतीनलाच उठली आणि उजाडायची वाट बघत बसली. व्हॅनचे पुढचे ब्रेक तिला स्वतः बदलायचे होते.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फरशा बसवायचा. उभा जन्म उकिडवं बसण्यात गेला आणि उजवा खुबा झिजला. काठीशिवाय चार पावलं टाकणं जड. डॉक्टरांनी खुबा बदलायला सांगितलं होतं. त्या ऑपरेशनचे पैसे वहिनीच्या फेरीतून साठत होते आणि अजून पुरते साठले नव्हते.

मेकॅनिक व्हॅन तीन दिवस ठेवून घेणार होता. बेकरीच्या मालकाने आधीच बजावलं होतं, "सोमवारी गाडी दारात दिसली नाही, तर फेरी दुसऱ्याला." मग वहिनी भंगारवाल्याकडे गेली आणि दोन कॅलिपर घेऊन आली. कॅलिपर म्हणजे चाकाच्या चकतीला दोन्हीकडून चिमटा घेणारा भाग. तिने ते तारेच्या ब्रशने घासले, आत नवी रबरं घातली. काम चोख होतं, मी पाहिलं.

मी जन्मभर गोदामात ओझी उचलली. यंत्रातलं मला कळत नाही. जॅक लावणं, चाकं उतरवणं आणि तोंड बंद ठेवणं, एवढं माझ्याकडे होतं.

दुपारपर्यंत दोन्ही कॅलिपर बसले. वहिनीने पेडल दाबलं तर पाय कणकेत रुतावा तसा आत गेला. यात घाबरण्यासारखं काही नाही, असं तिनेच मला समजावलं. ब्रेकची नळी सोडली की ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरतेच. तेल दबत नाही, हवा दबते, म्हणून पेडल नरम लागतं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल करून हवा सोडायची आणि पुन्हा आवळायचा. तोवर पहिल्याने पाय उचलायचा नाही. दादाला आम्ही उचलूनच सीटवर बसवला. उजवा खुबा दुखरा, म्हणून पेडलवर त्याने डावा पाय ठेवला.

"दाबा."

"दाबलंय."

"धरून ठेवा."

"धरलंय गं."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. पेडल भराभर मारलं की जरा घट्ट व्हायचं, थोड्या वेळाने परत नरम. वहिनीने सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहिले. गळती कुठेच नव्हती. ऑइलची दुसरी बाटली फोडली.

"मी आवळायच्या आत पाय उचलता तुम्ही," ती चाकाशी बसूनच म्हणाली. "हवा परत आत जाते."

"डावा असला तरी पाय माझाच आहे. कधी उचलायचा ते मला कळतं."

"भाऊजी, तुम्ही बघा हो यांच्या पायाकडे."

मी पुढची खेप पाहिली. पाय हलला नाही. तसं सांगितलं.

"हं. भावाची बाजू घ्यायलाच बोलावलंय तुम्हाला."

ऊन उतरलं तेव्हा ती काढून ठेवलेल्या चाकावर टेकली. हात कोपरापर्यंत काळे. "उद्या मी नाही जाणार," ती म्हणाली. "बेकरीखालच्या उतारावर शाळा आहे. असल्या पेडलवर गाडी काढायची नाही."

दादा स्टिअरिंग धरून समोर बघत होता.

"अगं," तो म्हणाला, "तू सोडतेस तो स्क्रू कॅलिपरच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या?"

"खालच्या. का?"

"फरशी सपाट बसली का बघायच्या माझ्या लेव्हलच्या नळीतला बुडबुडा कधी खाली गेलेला मी पाहिला नाही. तू खालून तेल काढतेस. हवा वर बसून असेल."

वहिनी उठली. वाकून पाहिलं, पलीकडे जाऊन तिथेही पाहिलं. दोन्हीकडे स्क्रू खाली. डावा कॅलिपर उजवीकडे लागला होता आणि उजवा डावीकडे. बोल्ट दोन्हीकडे बरोबर बसत होते, म्हणून शंका आली नाही.

"दिवसभर फुकट बोलणी खाल्ली मी," दादा म्हणाला.

"जमा ठेवा. पुढच्या वेळी वळती करू."

अदलाबदल करायला तासही लागला नाही. आता स्क्रू वर होते. ते सैल करताच स्क्रूपासून बाटलीत सोडलेल्या नळीत बुडबुड्यांची रांग लागली, मग नुसतं स्वच्छ तेल येऊ लागलं. दादाने पेडल दाबलं. थोडं खाली गेलं आणि थांबलं.

"आता दाब म्हणालीस तरी दबत नाही," तो म्हणाला.

वहिनीने व्हॅन आधी अंगणात हळू चालवली, मग रिकाम्या गल्लीत. दर वेळी पाय टेकवला तिथे गाडी उभी राहिली. परत येऊन तिने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत राहिली. चहा मी केला. साखर जास्त पडली, तरी सगळ्यांनी संपवला.

सोमवारी व्हॅन वेळेवर बेकरीच्या दारात होती. पुढेही एक फेरी चुकली नाही. वर्षभरात त्या कमाईतून दादाचा नवा खुबा आला. बिल वहिनीने स्वतः भरलं. तो वॉर्डात पहिल्यांदा चालला तेव्हा मी होतो. ती दुकानांतून रिकामे ट्रे गोळा करून दुपारी आली, त्याच्या मोकळ्या पलंगावर टेकली आणि तिथेच झोपली. दादाने तिला उठवलं नाही. तो तितका वेळ उभा राहिला.