गाडी शेडमध्येच होती

माझा मोठा भाऊ गेल्याचं मला घरून कळलं नाही, एका व्हिडिओवरून कळलं. लांजीच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथे मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले होते, तेवढ्यात शेजारच्या मॅडमनी मोबाइल पुढे केला. "ये आपके भैया की गाड़ी है ना?" पडद्यावर दादाची निळी गाडी बैहरच्या घाटातलं वळण घेत होती. मागे रडवं गाणं, वर ठळक अक्षरांत 'रफ़्तार ने ली एक और जान', आणि खाली जोडलेल्या हातांची रांगच रांग. गाडी दरीत गेली असं समजून मी वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, "गाडी कुठली? गाडी तं शेडमध्येच हाय. हे आपल्याच दवाखान्यात गेले. पेशंट उठून गेला न हे खुर्चीत टेकले, ते टेकलेच..." दादाचं हृदय बंद पडलं होतं. गाडी कित्येक दिवसांत फाटकाबाहेर निघालीही नव्हती.

व्हिडिओ पंकजने टाकला होता. पंकज आमचा चुलतभाऊ. गाड्यांचे व्हिडिओ करतो, लोक बघतात. दादाचं शरीर घरी आणायच्या आत त्याने घाटातल्या जुन्या चित्रीकरणासाठी ते गाणं निवडलं, अक्षरांचा रंग निवडला. आता काही आठवडे लोटले, पण रडू येण्याआधी मला जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. म्हणूनच लिहायला बसले. ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला त्यांना माझा भाऊ वेडावाकडा गाडी हाकणारा वाटला असेल. तो तसा नव्हता.

दादा बालाघाटात दातांचा डॉक्टर होता. दिवसभर खर्रा आणि गुटख्याने लाल-काळी झालेली तोंडं बघायचा आणि संध्याकाळी जेवताना कधी कधी घास तसाच ठेवून उठायचा. पेशंटची किळस त्याला नव्हती, निष्काळजीपणाची होती. दुसऱ्या कोणी घाईत भरलेला दात, खाली कीड तशीच ठेवून वर चमकदार टोपी बसवलेली, असं काही दिसलं की त्याचा चेहरा आंबट व्हायचा. "वरून चकाचक, आतून सडलेलं," म्हणायचा. "याले काय म्हणाव?" लहानपणी लामत्याच्या घरी असतानाही तो असाच होता. कोणी उष्ट्या हाताने भाजी वाढली तर ओरडायचा नाही, गुपचूप ताटावरून उठायचा.

गाडी त्याने पन्नाशीला येताना नागपुराहून आणली. जुनी होती, पण इंजिन जोरदार. तो ती वारासिवनीच्या रस्त्यावर, घाटात, रविवारी सकाळी चालवायचा आणि शेजारी बहुधा मी असायची. वेगापेक्षा त्याला वळण आवडायचं. वळणावर तो कान देऊन गाडीचा आवाज ऐकायचा. "सांगाडा पिळवटून राह्यला," एकदा म्हणाला. "चाक एकीकडे जाते, अंग मागून येते." त्यावर उपाय म्हणजे ब्रेस. बॉनेटखाली, पुढच्या दोन्ही शॉकअप्सची वरची टोकं जिथे बसतात त्या दोन जागा जोडणारी आडवी दांडी, आणि गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी चौकट. एवढ्याने गाडी एकसंध वागते, असं तो म्हणायचा.

पहिल्यांदा त्याने ते काम एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या गॅरेजला दिलं. तिथे काचेची खोली, थंड हवा, कॉफी. मी सोबत होते. त्यांनी पुढची चाकं जॅकवर अधांतरी लटकवली, दोन्हीकडचे शॉकअपचे नट एकदम सैल केले, दांडीची भोकं जुळेनात म्हणून दांडी ताणून ताणून बसवली आणि मग सगळं आवळलं. वर लाल रंगाची चमकदार दांडी, फोटो, टाळ्या. परतीच्या वाटेवर गाडी डावीकडे ओढत होती. दादाने फोन केला तर पलीकडचा हसून म्हणाला, "डॉक्टर साहब, ब्रेस डलवाया है तो थोड़ा तो खींचेगी." पुढे टायरची आतली कड खरवडल्यासारखी झिजली. दादा तिच्यावरून बोट फिरवत बसला होता. किडलेला दात पाहताना व्हायचा तसाच त्याचा चेहरा झाला होता.

मग त्याने ते सगळं काढलं, चाकं पुन्हा सरळ करून घेतली आणि ब्रेस स्वतः बसवायचं ठरवलं. आधी शेडची जमीन पाणसळ लावून सपाट करून घेतली. गाडी चारही चाकांवर उभी, तिचं वजन तिच्याच पायांवर. नटांभोवती पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या, म्हणजे काही केसभर सरकलं तरी कळावं. एका वेळी एकच नट काढायचा, दांडीचं टोक बसवायचं, नट हाताने लावायचा, मग पुढचा. पोटाखालच्या चौकटीचंही तेच. एक बोल्ट बसल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. दांडीची लांबी त्याने गाडीवर लादली नाही. ती आपोआप बसेल एवढीच ठेवली, आणि शेवटी बेताने आवळली. मी बॅटरीचा उजेड धरून कंटाळले.

"दादा, एवढं काहून करून राह्यला तू? आवळून टाक न."

तो खालूनच म्हणाला, "दातांले मी तार लावतो ते दात हलाव म्हणून. इथं उलटं हाय. जे जिथं हाय ते तिथंच राह्यलं पाह्यजे, न तरी आधार भेटला पाह्यजे. हलवून आधार देणं म्हणजे जबरदस्ती झाली."

गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणून त्याने चाकांचं अंतर पुन्हा मोजलं. काही बदललं नव्हतं. वारासिवनीच्या सरळ रस्त्यावर त्याने स्टिअरिंगवरची बोटं किंचित उचलली आणि गाडी नाकासमोर चालत राहिली. तो माझ्याकडे बघून हसला. असं हसताना मी त्याला फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

तर अशा माणसाच्या मयतीला काय झालं ते सांगते. अंगणात दादा ठेवलेला, आणि माणसं शेडमध्ये गाडीवरचं कापड उचलून बघत होती. 'इसी में हुआ क्या?' कोणी बॉनेटला टेकून फोटो काढला. सपाट केलेल्या त्या जमिनीवर कोपऱ्यात कोणीतरी खर्रा थुंकून गेलं. वहिनीने, त्या दिवशीही, पाणी आणून ते धुतलं. मी तिला थांबवायला गेले तर म्हणाली, "राहू दे. ह्यायले असं चालत नाही."

तेरवी आटोपल्यावर आम्ही दोघी बँकेच्या कामाला गेलो होतो. परत आलो तर फाटक उघडं. पंकज आणि त्याचा एक दोस्त शेडमध्ये, गाडीचं तोंड जॅकवर, चाकं लोंबकळत, दोन्हीकडचे नट काढून डब्यात टाकलेले, एकेकच उरलेला. मोबाइल स्टँडवर लावून चित्रीकरण सुरू होतं.

"वहिनी, दादाची आठवण म्हणून दांडी नेऊन राह्यलो," पंकज म्हणाला. "माह्या गाडीले लावतो. दादाचं नाव राहीन."

वहिनीने आधी त्याचा मोबाइल बंद केला. मग विचारलं, "हे कशानं गेले, तुले मालूम होतं?"

"हौ... म्हणजे मंग समजलं."

"मंग तो व्हिडिओ काढून टाकला काहून नाही?"

तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, लोकं अजून पाहून राह्यले न."

मी आयुष्यात बरीच घाण पाहिली, पण या एका वाक्याइतकी किळस मला कशाची आली नाही. वहिनी मात्र शांत होती. "आत्ता काढून टाक. माह्यासमोर. नाहीतर या गाडीले तुहा हात पुन्हा लागणार नाही न तू या फाटकात पुन्हा येणार नाहीस." त्याने काहीतरी दाबलं, दाखवलं, दोस्ताला घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, व्हिडिओ तिथेच आहे; फक्त नाव बदलून 'श्रद्धांजलि' केलंय. पंकज त्यानंतर आमच्या उंबऱ्याला आला नाही. येऊ नये.

गाडी आम्हीच खाली उतरवली. चाकं जमिनीवर टेकवून, थोडी पुढे-मागे ढकलून तिला नीट बसू दिली. एका बाजूची खूण जराशी सरकली होती, ती हळूहळू जागेवर आणली. वहिनी नट लावत होती, मी बॅटरी धरली होती. या वेळी कंटाळा आला नाही. मग वहिनी ती गाडी पहिल्यांदाच चालवत वारासिवनीच्या रस्त्याला घेऊन गेली. सरळ चालली.

शेडमध्ये परतल्यावर तिने इंजिन बंद करायच्या आधी स्टिअरिंग सरळ केलं. उतरली, गाडीसमोर उकिडवी बसली आणि एक डोळा मिटून दोन्ही चाकांकडे पाहत राहिली.

"काय पाहून राह्यली?" मी विचारलं.

"हे असंच बसून पाहत. रोज, घरात यायच्या आधी," ती म्हणाली. "काय पाहत ते मी कधी विचारलं नाही."

मग मीही तिच्या शेजारी बसले आणि एक डोळा मिटला.