थोरला बसत नाही

"तुम्ही विमान कंपनीत म्हणजे नेमकं काय करता हो?" असं कुणी विचारलं की पट्टीबाईंचं डोकं फिरायचं. कारण खरं उत्तर दिलं, की कुठल्या मार्गावर कुठलं विमान जायचं ते मी ठरवते, तर समोरचा हमखास हसायचा. "त्यात काय ठरवायचं? जे रिकामं असेल ते पाठवत असतील!"

रिकामं असेल ते! जणू स्टँडवर टॅक्स्या उभ्या आहेत, पुढची निघाली की मागची सरकली. सव्वीस वर्षं हेच ऐकून बाईंनी शेवटी लोकांना "ऑफिसात असते" एवढंच सांगायला सुरुवात केली होती.

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. एका भिंतीला खिडक्या, त्या कायम बंद, कारण बाहेर धावपट्टी आणि दर चार मिनिटांनी कानठळ्या. दुसऱ्या भिंतीवर पूर्वी कागदी पट्ट्या टाचलेल्या असायच्या. एक विमान, एक पट्टी, पट्टीवर त्याचा आठवडा. बाई इथे टाइपिस्ट म्हणून लागल्या. पण नुसतं टाइप करत बसणारा जीव नव्हता तो. इंजिनीयरांना गाठून वजन विचारलं, वैमानिकांना चहा पाजून वारं विचारलं, मालवाल्यांना शिव्या घालून विमानाच्या पोटातली जागा विचारली, आणि पाचव्या वर्षी साहेबांच्या टेबलावर स्वतःचा तक्ता आपटला. पदवी नाही, कोर्स नाही, कुणी हाताला धरून शिकवलं नाही. आता पट्ट्या संगणकात गेल्या, तरी बाई तक्ता छापून घ्यायच्या आणि स्टीलची पट्टी लावून एकेक ओळ तपासायच्या. त्यावरूनच त्यांना पट्टीबाई नाव पडलं. "संगणक चुकत नाही," त्या म्हणायच्या, "पण विचारलं तेवढंच सांगतो. अगदी आमच्या घरच्यांसारखा."

कंपनीकडे लांब पल्ल्याची विमानं दोन जातींची. मोठं तीनशे शहाण्णव खुर्च्यांचं, तो थोरला. लहान दोनशे अठ्ठ्याण्णव खुर्च्यांचं, तो धाकटा. आणि सगळ्यांत दूरचा मार्ग, समुद्र ओलांडून साडेचौदा तासांचा, त्याला नाव पडलं होतं लांबडी. लांबडीवर पहिल्यापासून धाकटा जायचा.

या खोलीत एक शब्द फार चालायचा. बसतं. 'अमुक विमान तमुक मार्गावर बसतं' म्हणजे मधे कुठे न उतरता पोचण्याइतकं इंधन घेऊन ते उठू शकतं, समोरचं वारं सोसतं, पलीकडच्या विमानतळावर त्याच्या रुंदीची जागा आहे, ते चालवायला शिकलेले वैमानिक आहेत, तिथं बिघडलं तर सुटा भाग मिळतो आणि परत येऊन दुसऱ्या दिवशीच्या कामाला वेळेवर उभं राहतं. एवढं सगळं त्या तीन अक्षरांत. तक्त्यात शेवटचा रकानाच तो होता: 'बसतं का?' त्याखाली बाईंची सही. त्या सहीशिवाय तक्ता उड्डाणप्रमुखांकडे, म्हणजे म्हाताऱ्या कॅप्टनकडे, जात नसे.

मग आले नवे साहेब. आधी गाद्यांच्या कंपनीत होते. तिथं बरंच नाव काढलं म्हणे. पहिल्याच आठवड्यात खोलीनं त्यांचं बारसं केलं: गादीसाहेब. गाद्या विकता विकता गादीवर बसले ते. माणूस वाईट नव्हता, पण विमान म्हणजे त्यांच्या लेखी उडणारं दुकान, आणि दुकान जितकं मोठं तितकं चांगलं.

एका सोमवारी बाई डबा खात होत्या. एका हातात घास, शेजारी मालवाला गुरगुरतोय की माझी पेटी कुठल्या विमानात, आणि बाहेर कुणीतरी इंजिनं चालू केलेली. त्यात फोन. गादीसाहेब.

"बाई, एकच सांगा. लांबडीवर थोरला... बसतं... ना?"

मधलं सगळं इंजिनांनी खाल्लं. बाईंना ऐकू आलं, 'थोरल्यात किती बसतात?' आणि त्यांनी घास गिळून सांगितलं, "हो हो, बसतात की. तीनशे शहाण्णव."

"शाब्बास!" म्हणून त्यांनी फोन ठेवला. शाब्बास कशाबद्दल, हा विचार करायला पाहिजे होता. बाईंनी नाही केला. मालवाल्याची पेटी शोधायची होती.

गुरुवारी सकाळी बाई बसमधून उतरल्या तर ऑफिसच्या समोर, चार मजली इमारतीच्या अंगावर, हा एवढा फलक. थोरल्याचं चकचकीत चित्र आणि खाली: 'या हिवाळ्यापासून तुमच्या सगळ्यात लांब प्रवासासाठी आमचं सगळ्यात मोठं विमान!'

बाई रस्त्याच्या मधेच उभ्या राहिल्या. मागून एक स्कूटरवाला ओरडला, "ओ मावशी, मरायचंय का?"

"थांब रे, आधी दुसऱ्याला मारायचंय," म्हणून त्या तरातरा वर गेल्या.

पण कुणालाही मारायच्या आधी त्यांनी पट्टी काढली. वाऱ्याचे आकडे काढले. हिवाळ्यात वरचं वारं तोंडावर येतं, तेव्हा लांबडी साडेपंधरा तासांची होते. थोरला बांधलाय आठ-नऊ तासांसाठी. त्याला एवढ्या लांब धाडायचं तर पोटात इतकं इंधन भरावं लागतं, की तेवढ्या वजनानिशी जमीन सोडायची तर माणसं तीनशे दहाच. बॅगांसकट. माल शून्य. म्हणजे शहाऐंशी खुर्च्या रिकाम्या न्यायच्या. तिकडे धाकटा त्याच वाऱ्यात दोनशे अठ्ठ्याण्णव माणसं आणि वर माल घेऊन कमी इंधनात जातो. फक्त बारा माणसांसाठी हा सगळा तमाशा! बाईंनी तीनदा हिशेब केला. तिन्ही वेळा उत्तर तेच आणि तिन्ही वेळा संताप वाढलेला.

गादीसाहेबांच्या खोलीत थोरल्याचं छोटं मॉडेल टेबलावर आलं होतं.

"साहेब, थोरला लांबडीवर बसत नाही. शहाऐंशी माणसं मागे राहतील."

"असं कसं? तुम्हीच म्हणालात बसतात."

"माणसं बसतात हो! विमान बसत नाही!"

"माणसं विमानात बसली म्हणजे विमान..." साहेब थांबले. "फरक काय?"

"फरक? साहेब, तुमच्या गादीवर तिघं बसतात म्हणून ती गादी माझ्या खाटेवर बसते का?"

साहेबांनी विचार केला. या माणसाचं एक होतं, गादीवरून काही समजावलं की क्षणभर तरी शांत व्हायचे. मग म्हणाले, "बाई, तिकिटं परवापासून विकायला काढलीत. पूर्ण तीनशे शहाण्णव. फलक लागला. वर शब्द दिलाय, तुमच्या भरवशावर. पुढच्या शुक्रवारी दुपारपर्यंत तक्त्यावर सही पाहिजे. बाकी शहाऐंशी लोकांचं काय ते काउंटरवर बघून घेतील. कुणी ना कुणी उशिरा येतंच."

काउंटरवर बघून घेतील! काउंटरवर कोण होतं? बाईंची सून.

"आणि नाही केली सही तर?"

"तर मी कुणाला तरी शिकवून घेईन," साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तुम्ही उरलेले तीन महिने खाली जुन्या फायली लावा. शांतपणे रिटायर व्हा."

त्या संध्याकाळी घरी बाईंनी पर्स टेबलावर फेकली, तशी ती घसरून पाण्याच्या ग्लासावर गेली. नवरोबा वर्तमानपत्रातून डोकावले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कर की सही. तीन महिने राहिले. कशाला नसती डोकेदुखी?"

"अहो, तुम्ही तीस वर्षं बँकेत बसलात, तुम्हाला काय कळणार बसण्यातलं!"

सून तेव्हाच कामावरून आली होती. गळ्यातला स्कार्फ काढायचंही तिला सुचलं नव्हतं. फलक तिनंही बघितला होता आणि दारातूनच सगळं ऐकलं होतं.

"आई, तुम्ही म्हणालात बसतं म्हणून?" तिनं सरळ विचारलं.

"मी... ऐकण्यात चूक झाली गं. त्यानं विचारलं बसतं का, मी सांगितलं किती बसतात."

"म्हणजे तुमच्या एका अक्षराची चूक, आणि रोज शहाऐंशी माणसं माझ्या तोंडावर येणार." तिचा आवाज चढला. "मागच्या हिवाळ्यात दुसऱ्या एका मार्गावर बावीस जण मागे राहिले होते, आठवतं? तो माणूस बापाच्या ऑपरेशनला चालला होता. त्यानं माझा हात धरला आणि सोडेना. मी सांगतेय वजन जास्त होतं, तो म्हणतोय, माझं वजन किती, मी जेवलो नाही कालपासून. काय उत्तर द्यायचं? तुम्ही वर पट्ट्या लावता आई, खाली मी उभी असते."

बाईंना खरं म्हणजे सुनेला ओरडायचं होतं. तेवढी सवय होती. पण त्या टेबलावर सांडलेलं पाणी पुसू लागल्या. सव्वीस वर्षांत त्यांना कुणी अडाणी म्हटलं, तोंडाळ म्हटलं, पण चूक तुझी आहे असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. आणि या पोरीनं म्हटलं ते खरं होतं.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

"नुसती सही न करून काय होणार? ते दुसऱ्याकडून घेतील."

हे बाकी पोरगी बरोबर बोलली. बाई आठवडाभर त्यावरच चरफडत होत्या. घरात बशी जोरात ठेवत होत्या, ऑफिसात मालवाल्यावर ओरडत होत्या. मालवाल्यानं शेवटी हात जोडले. "बाई, माझी पेटी नाही गेली तरी चालेल. पण तुम्ही त्या गादीला काय ते एकदा सांगा."

"सांगितलं! त्याला शब्द कळतो, अर्थ कळत नाही!"

आणि बोलता बोलता बाईंनी तक्ता पुढे ओढला. शब्द कळतो. मग त्याच्याच शब्दात लिहू.

शुक्रवारी अकरा वाजता बाईंनी तक्त्यावर सही केली. गादीसाहेबांनी लांबून सही पाहिली, खूश झाले आणि न वाचताच कागद वर पाठवला. 'बसतं का?' या रकान्यात, जिथे इतकी वर्षं एकच शब्द यायचा, तिथे बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'लांबडी, थोरला. खुर्च्यांत बसतात ३९६. हिवाळ्यात विमानातून जातात ३१०. उरलेले ८६ रोज काउंटरसमोर बसून राहतात. विमान बसत नाही. फोनवर "बसतात" म्हणाले ती चूक माझी. धाकटा बसतो.'

अर्ध्या तासात म्हातारे कॅप्टन स्वतः जिना उतरून आले. गुडघ्यांनी त्यांना वर्षभर जिना उतरू दिला नव्हता. कागद हातात होता आणि ते हसत होते, पण गादीसाहेबांच्या खोलीत शिरल्यावर हसणं थांबलेलं बाहेर सगळ्यांना कळलं. दार बंद होतं तरी एवढं नक्की ऐकू आलं: "तीनशे शहाण्णव घेऊन तुम्ही उडवा, मी खाली उभा राहून टाळ्या वाजवतो!"

धाकटा लांबडीवर राहिला. फलक उतरला आणि दुसरा लागला: 'गर्दी कमी, आपुलकी जास्त!' ही कल्पना गादीसाहेबांची. त्याबद्दल त्यांचं वर कौतुकही झालं. बाईंनी तो फलक बघून कपाळाला हात लावला, पण रस्त्याच्या कडेला उभं राहून.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण त्या आठवड्यात तिकिटं विकली गेली होती. अकरा उड्डाणं अशी, की धाकट्यात मावतील त्यापेक्षा एकशे सदुसष्ट माणसं जास्त. प्रत्येकाला फोन करून सांगायचं, आदल्या दिवशी जा नाहीतर दुसऱ्या दिवशी. ते काम काउंटरवाल्यांच्या गळ्यात पडलं. म्हणजे सुनेच्याही.

रविवारी सकाळी सून यादी घेऊन काउंटरमागच्या छोट्या खोलीत शिरली, तर बाई आधीच खुर्ची ओढून बसलेल्या. समोर फोन, हातात पट्टी.

"आई, तुम्ही? तुमची सुट्टी आहे."

"यादी अर्धी कर. चूक माझी, मग बोलणी तुलाच का? आण इकडे."

सुनेनं यादी फाडली. मोठा अर्धा सासूला दिला.

बाईंनी पट्टी पहिल्या नावाखाली ठेवली आणि नंबर फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा त्या अशा माणसाशी बोलत होत्या, ज्याला त्यांच्या विमानात जायचं होतं. तिकडून एका वयस्क गृहस्थांचा आवाज आला. बाईंनी न चिडता सगळं समजावलं. वारं, वजन, इंधन. विमान मोठं ठरलं होतं, आता लहान जाईल. चूक आमची. तुम्ही आदल्या दिवशी याल का.

गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्याकडे ते मोठं विमान आहे तर खरं?"

"आहे."

"त्यात खुर्च्या आहेत?"

"आहेत. तीनशे शहाण्णव."

"मग झालं तर! मी त्यात बसतो की!"

बाईंनी फोनवर तळहात ठेवला, डोळे गच्च मिटले आणि एक मोठा श्वास घेतला. शेजारी सून तोंडाला यादी लावून हसत होती. बाईंनी पट्टीनं तिच्या मनगटावर हलकेच मारलं, हात काढला आणि म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे घरी गादी आहे ना? नीट ऐका."