कव्हरमामाचा कोरा कॉम्प्युटर

मामाच्या घरात नवी वस्तू आली की ती नवीच राहायची. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, पिशवीला रबरबँड, आणि आतलं कुठलं बटण काय करतं हे एकट्या मामाला ठाऊक. सोफ्यावरचं प्लास्टिक दुकानातून आलं तसंच कायम होतं. पाहुणा बसला की चुर्र, उठला की चुर्र. मामाकडून गुपचूप सटकणं आजवर कुणाला जमलं नाही. माझ्या लहानपणीच कुणीतरी त्याला कव्हरमामा म्हणायला लागलं आणि मामाने ते नावसुद्धा नव्यासारखं जपलं.

"मलाही एखादं कव्हर घातलं असतं यांनी," मामी म्हणायची, "पण मापाचं मिळालं नसेल."

"मिळालं होतं," मामा म्हणायचा, "पण आवाज बंद होत नव्हता त्याने."

या वेडामागे धंद्याची अक्कल होती. मामाचं रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर मामाला बाहेर उभं राहावं लागायचं. शाळेतून येताना मी तिथे थांबायचो. पिवळट दिव्याखाली पोट उघडून पडलेले रेडिओ, वितळलेल्या कथिलाचा वास, आणि हातात रंगवायचा ब्रश घेऊन फुंकर मारणारा मामा. "यंत्र म्हातारपणाने मरत नाही रे," तो सांगायचा, "धूळ खाऊन मरतं." पुढे लोकांनी दुरुस्ती सोडली, बिघडलं की फेकायला लागले आणि दुकान मिटलं. धुळीशी असलेलं वैर तेवढं मामा घरी घेऊन आला.

त्या दुकानाच्या दिवसांतली एक टेप मामाकडे होती. कुणीतरी व्हिडिओ कॅमेरा दुरुस्तीला टाकला होता. तो दुरुस्त झालाय की नाही हे तपासायला मामाने स्वतःची कोरी टेप घातली, कॅमेरा घरी आणला आणि आजीवर रोखला. गिऱ्हाईक कॅमेरा घेऊन गेलं, टेप राहिली. आजी गेल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की चालती-बोलती आजी एवढीच उरली आहे.

आणि माझ्या आईचे डोळे जायला लागले. नजरेच्या बरोबर मधोमध धूसर डाग. "भिंत दिसते, खिडकी दिसते," ती म्हणायची, "नेमकं माणसाचं तोंडच पुसलं जातं मेलं." समोरच्याचा चेहरा बघायचा तर ती कोंबडीसारखी मान तिरकी करायची आणि कडेच्या नजरेने टिपायची. डाग वाढत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्या दिवशी ती धाकट्या भावाला, म्हणजे मामाला, एवढंच म्हणाली, "अजून दिसतंय तोवर आईला एकदा दाखव रे."

टेप जुन्या व्हीसीआरवर लावली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या, त्यात एक अंधूक आकृती. चांगल्या डोळ्यांनाही ती आजी आहे की कपाट, हे कळेना. हे चित्र कॉम्प्युटरमध्ये घेऊन स्वच्छ करता येतं, असं मामाने कुठेतरी वाचलं. पण त्याला दणकट कॉम्प्युटर लागतो. तयार घ्यावा, तर मामा म्हणाला, "बंद डब्यात काय भरलंय ते कसं कळणार? मी स्वतः जोडतो."

जोडला, आणि झकास जोडला. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून, भिंग लावून, प्रत्येक स्क्रू आधी पुसून. सुटे भाग ज्या वेष्टनांतून आले ती वेष्टनंही घड्या घालून खणात ठेवली. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा उजळला. मामी म्हणाली, "चला, टेबल मोकळं झालं," आणि समारंभ संपला.

मग टेप आत घेतली, चित्र स्वच्छ करणारा प्रोग्रॅम लावला आणि आमचं हसं सुरू झालं. पहिली काही मिनिटं घोडा चौखूर उधळायचा, मग त्याचा बैल व्हायचा, मग गोगलगाय. किती वेळ उरला हे पडद्यावर यायचं आणि काम पुढे सरकेल तसा उरलेला वेळ वाढत जायचा. सरकारी कामासारखं. मध्येच यंत्र स्वतःच बंद पडायचं आणि सगळं पहिल्यापासून.

मामा हटणारा नव्हता. आधी सापडलं की मेमरीच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी खोचल्यात, त्या एक खाच सोडून बसवायच्या असतात. बसवल्या. थोडा फरक पडला. मग वीज वाचवण्याची सेटिंग काढून पूर्ण ताकदीची लावली. यंत्र आणखी लवकर दमायला लागलं. मग डब्याचं एक झाकण उघडून समोर टेबलफॅन लावला. यासाठी मामाचं काळीज केवढं मोठं झालं असेल ते ओळखा, कारण उघड्या झाकणातून धूळ जाते.

आई रोज फोन करायची. "झाली का रे आई स्वच्छ?"

"होतेय, ताई. थोडा दम धर."

"दम धरलाय रे. डोळे धरत नाहीत."

त्यावर मामाने फोन ठेवला आणि टेबलफॅन आणखी जवळ ओढला. 

त्या रविवारी मी तिथे होतो. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूच्या, तापमानाचा आकडा होता आणि तो उकळत्या पाण्याच्या जवळ पोचला होता. "तापतोय, म्हणून स्वतःला वाचवायला हळू चालतो," मामा पुटपुटला. "पण एवढा मोठा पंखा डोक्यावर असताना तापतो कसा?"

मामी पलीकडे भाजी निवडत होती. तिला प्रोसेसर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण नवरा पुरता पाठ होता. "अहो," ती म्हणाली, "त्या पंख्याचं कव्हर कुठाय?"

"खणात असेल."

"खण माझ्याच नशिबी आहे, मी बघितलाय. सगळ्यांची आहेत. त्याचं नाही."

मामाने डब्यावरची नसलेली धूळ पुसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "त्याला खाली प्लास्टिकचा पातळ कागद होता. पारदर्शक. तांब्याचा आरशासारखा तळ होता गं. ओरखडा पडला असता."

"म्हणजे काढला नाही?"

"त्याच्यावर 'बसवण्याआधी काढा' असं लिहिलं होतं. असं तर सगळ्यावरच लिहितात."

मी जमिनीवर बसून हसलो. मामी हसली नाही. तिने भाजीची सुरी बाजूला ठेवली आणि नुसता हात पुढे केला. मामाने पंखा सोडवला. खाली खरंच तो कागद होता, मधोमध भाजून सुरकुतलेला. प्रोसेसरचा सगळा ताप त्या तांब्याच्या तळातून पंख्याकडे जायला हवा, तो या प्लास्टिकने अडवून धरला होता. बिचारा प्रोसेसर गोधडी पांघरून शर्यत धावत होता. मामाने कागद काढला, तळ पुसला, उष्णता वाहून नेणारं नवीन मलम लावलं, पंखा बसवला. आकडा खाली आला आणि खालीच राहिला. जे काम इतके दिवस रखडलं होतं ते दुसऱ्या दिवशी जेवायच्या आत हातावेगळं झालं.

मामीने वर्षभर पुरेल एवढा टोमणा तयार ठेवला होता. पण टेप ज्यात गुंडाळून ठेवली होती ते सामान तिच्या नजरेस पडलं: बिस्किटांचा डबा, त्यात फडकं, फडक्यात पिशवी. आमच्या घरच्या त्या काळच्या सगळ्या टेपांवर बुरशी चढली होती. हीच एक वाचली होती. टोमणा तिने गिळला. तिच्या आयुष्यात हा प्रकार मी त्या एकदाच पाहिला.

आई आली. पडद्यापुढे खुर्ची ओढून बसली, मान तिरकी केली. "धुरकट आहे रे," ती म्हणाली. "माझ्याच डोळ्यांना दिसतंय का तसं?"

डोळ्यांचा दोष नव्हता. पडद्यावरचं प्लास्टिक मामाने अजून ठेवलं होतं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने एक कोपरा नखाने उचलला, क्षणभर थांबला आणि सरळ ओढला. तसा लांबलचक आवाज त्या घरात कधी ऐकू आला नव्हता.

पडद्यावर आजी दारातून आली. कपाळावर हात धरून कॅमेऱ्याकडे बघितलं. "अरे, ते लोकांचं आहे, पाडशील," ती म्हणाली. "आणि ताई कुठे गेली? तिला हाक मार, जेवायला वाढलंय."

आईची मान तिरकीच होती. "इथेच आहे गं," ती म्हणाली. मग मामाला म्हणाली, "पुन्हा लाव."

मामाने पुन्हा लावलं. किती वेळा ते कुणी मोजलं नाही. यंत्र एकदाही दमलं नाही.

मामा गेल्यावर तो कॉम्प्युटर माझ्याकडे आला. जुना झालाय, पण आत धुळीचा कण नाही. त्यासोबत मामीने खणातलं सगळं पाठवलं. त्यात तो भाजलेला कागद होता, नीट घडी घालून, वेगळ्या पिशवीत.